देणगी देण्याआधी संस्थेचा ताळेबंद कसा वाचायचा?

शुभदा_कर्वेनगर
माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. पुण्याजवळच्या विशेष मुलांच्या एका निवासी शाळेला दहा लाख रुपये द्यायचे, असं तिच्या मनात आहे. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण अजून काहीच ठरलेलं नाही आणि उगाच कुणाबद्दल चर्चा नको. हिशेब मागितल्यावर त्यांनी तीन वर्षांचे ऑडिट झालेले कागद लगेच पाठवले. मला हे आवडलं, पण वाचल्यावर घरात मतं फाटली.

2024-25 चे ठळक आकडे असे. वर्षाचा एकूण खर्च 1 कोटी 20 लाख. त्यात 'आस्थापना खर्च' (संस्था चालवण्याचा खर्च) 74 लाख. बँकेतल्या ठेवी आणि शिल्लक मिळून 1 कोटी 10 लाख. नवरा म्हणतो, ज्यांच्याकडे कोटीच्या वर पैसे पडून आहेत त्यांना मावशीच्या दहा लाखांची गरज काय? भाऊ म्हणतो, आस्थापनेवर साठ टक्क्यांहून जास्त खर्च होतोय, म्हणजे मुलांपर्यंत पैसा पोचतच नाही. मावशीचं म्हणणं एवढंच की मी शाळा बघून आलेय, मुलं नीट आहेत, मला पुरे.

पण हे तिचे आयुष्यभराच्या पगारातून साठलेले पैसे आहेत. संस्था आर्थिकदृष्ट्या धडधाकट आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवता?

पेठेतला_वाचक
आस्थापना साठ टक्के? दुसरी संस्था बघा. प्रशासनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च नको, सरकारचाच नियम आहे.

वाटसरू77
+1. शिवाय कोटीच्या ठेवी. तुमच्या यजमानांचा प्रश्न बरोबर आहे.

जमाखर्च
थांबा, थांबा. मी सीए आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच न्यासांचं (ट्रस्टचं) ऑडिट केलंय. वरचे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

आधी वीस टक्के. तो नियम परदेशी देणग्यांच्या कायद्यातला, म्हणजे एफसीआरएमधला आहे. 2020 च्या दुरुस्तीने तिथली प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. ती फक्त परदेशातून आलेल्या पैशाला लागू आहे. आणि त्या नियमांतसुद्धा शाळेच्या शिक्षकांचा पगार किंवा दवाखान्याच्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत.

आता तुमचे 74 लाख. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागतात. ताळेबंद अनुसूची 8 मध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची 9 मध्ये. अनुसूची 9 मध्ये 'आस्थापना खर्च' असा एक रकाना आहे आणि खाली 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' असा दुसरा; त्यात शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत अशी पोटविभागणी. काही हिशेबनीस सगळे पगार डोळे झाकून आस्थापनेत टाकतात. विशेष मुलांच्या शाळेत खर्च म्हणजे माणसंच. शिक्षक, काळजीवाहक ताई, फिजिओथेरपिस्ट, रात्रपाळीच्या मावशी. त्यांचे पगार वरच्या रकान्यात गेले की संस्था उधळी दिसते. तेच आकडे खालच्या रकान्यात टाकले की तीच संस्था काटकसरी दिसते. मुलांच्या ताटात काहीच फरक पडलेला नसतो.

म्हणून शुभदाताई, पगाराची यादी मागा. नावं नकोत, फक्त हुद्दे आणि रकमा. 74 लाखांत शिकवणारे आणि सांभाळणारे किती, कार्यालयातले किती, ते अर्ध्या तासात कळेल.

ठेवींचं संध्याकाळी लिहितो, त्याला वेळ लागेल.

मृण्मयी_स
मी स्वतः एका संस्थेत काम करते (ही नाही), म्हणून राहवत नाही. टक्केवारीच्या या भीतीने आमचं फार नुकसान केलंय. कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा) प्रकल्पाला मिळतो. वह्या, संगणक, रंगकाम यांना हो म्हणतात. हिशेबनीसाचा पगार, ऑडिटची फी, छताची गळती म्हटलं की "हे आमच्या बजेटमध्ये बसत नाही". मग संस्था काय करते? चांगला हिशेबनीस ठेवतच नाही. आणि चार वर्षांनी कुणी विचारतं, तुमचे हिशेब असे विस्कळीत का?

2013 मध्ये अमेरिकेत धर्मादाय संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी एकत्र पत्र काढून देणगीदारांना हेच सांगितलं होतं की वरकड खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. आपल्याकडे अजूनही पहिला प्रश्न तोच असतो.

पेठेतला_वाचक
मृण्मयीताई, तुमची कळकळ पोचली. पण देणगीदार उगाच संशयी नसतो. माझ्या वडिलांनी एका संस्थेला बरीच वर्षं पैसे दिले. नंतर कळलं की संस्थेची गाडी विश्वस्ताच्या मेव्हण्याकडून भाड्याने घेतलेली, भाडं बाजारभावापेक्षा चांगलंच जास्त. हिशेबात ते 'प्रवास खर्च, विद्यार्थी' असं शैक्षणिक खर्चात दाखवलेलं! म्हणजे टक्केवारी एकदम उत्तम. वडिलांना त्याचा फार त्रास झाला. मग सामान्य माणसाने बघायचं तरी काय?

मृण्मयी_स
तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण बघा, टक्केवारीने तिथेही त्यांना वाचवलं नाही.

हडपसरी
आम्ही मंडळवाले, आमचा हिशेब गल्लीला फळ्यावर दिसतो. विसर्जनानंतर आठवड्यात जमा किती, खर्च किती, मांडववाल्याचं बिल किती, सगळं खडूने. आमच्याकडे एका काकूंनी 'किरकोळ' या शब्दावर हरकत घेतली, तेव्हापासून किरकोळ हा रकानाच बंद! :)

गौरी_वाकड
हडपसरी, त्या काकूंना प्रत्येक संस्थेवर विश्वस्त नेमा.

वाटसरू77
अवांतर: मंडळांना वर्गणी गोळा करायला परवानगी लागते ना?

हडपसरी
लागते. ज्यांची न्यास म्हणून नोंदणी नाही त्यांना धर्मादाय कार्यालयाकडून, महाराष्ट्राच्या न्यास कायद्याच्या कलम 41क खाली. आमची नोंदणी आहे, त्यामुळे दरवर्षी ऑडिट.

जमाखर्च
आलो. आता ठेवी.

ताळेबंदाची उजवी बाजू (मालमत्ता) बघून सगळे थांबतात. संस्थेची तब्येत डाव्या बाजूला कळते, 'निधी आणि देणी' या बाजूला. तिथे सर्वांत वर कायम निधी म्हणजे कॉर्पस असतो. त्याखाली ठरावीक कामासाठी राखून ठेवलेले निधी: घसारा निधी, इमारत निधी, अमुक स्मृती पारितोषिक निधी वगैरे. मग कर्जं, मग देणी, आणि शेवटी उत्पन्न-खर्च खात्याची शिल्लक किंवा तूट.

कायम निधीचं मुद्दल मोडायचं नसतं, फक्त व्याज वापरायचं. इमारत निधी इमारतीलाच. घरात भिशीचे पैसे ठेवायला दिलेले असले म्हणून आपण श्रीमंत होत नाही, तसंच हे आहे. म्हणून बँकेतल्या एकूण रकमेतून हे दोन्ही वजा करा, लगेच द्यायची देणीही वजा करा. उरलं त्याला महिन्याच्या खर्चाने भागा. उद्या एकही रुपया आला नाही तर संस्था किती महिने पगार आणि किराणा भागवू शकेल, ते कळतं. माझ्या मते निवासी संस्थेकडे निदान सहा महिन्यांची सोय हवी. दिवसाची शाळा एक वेळ सुट्टी देईल, वसतिगृहातल्या मुलांना रात्रीचं जेवण द्यावंच लागतं.

पेठेतला_वाचक यांच्या प्रश्नाचं उत्तर ऑडिटरच्या अहवालात आहे, आणि तो कोणी वाचतच नाही. सगळे आकड्यांवर उडी मारतात. महाराष्ट्राच्या न्यास नियमांतल्या नियम 19 प्रमाणे ऑडिटरला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. रोख शिल्लक आणि व्हाउचर ऑडिटच्या दिवशी जुळले का, वर्षाहून जुनी येणी किती, किती रक्कम निर्लेखित केली (बुडीत धरून सोडून दिली), 5000 रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, सभा नियमित होतात का, इतिवृत्त लिहिलंय का, कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको (पैसे घेतलेला किंवा दिलेला) आहे का. साध्या शब्दांत लिहिलेलं असतं. 'नाही' जिथे यायला नको तिथे आलं की विचारायचं.

आणि ताळेबंदात तीन ओळी मी नेहमी बघतो: विश्वस्तांकडून घेतलेली कर्जं, विश्वस्तांना दिलेल्या उचली, आणि रोख शिल्लकीतली 'विश्वस्तांकडे' ही ओळ. 31 मार्चला एखाद्या विश्वस्ताकडे लाखोंची रोकड 'हातात' असेल, तर माझी झोप उडते.

दवबिंदू
वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा प्रतिसाद वाचून दाखवणार.

अनय_औंध
@जमाखर्च, एक शंका. आयकरातून सूट हवी तर न्यासाला उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात ना? मग इमारत निधी साठतो कसा?

जमाखर्च
चांगला प्रश्न. 15 टक्के विनाअट ठेवता येतात. त्यापेक्षा जास्त ठेवायचं तर उद्देश लिहून आयकराचा फॉर्म 10 भरायचा आणि पाच वर्षांत त्या उद्देशासाठी वापरायचं. आणि देणगीदाराने लेखी सांगून कायम निधीला दिलेली रक्कम या गणितातून बाहेर राहते, मात्र ती वेगळी आणि कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवावी लागते. म्हणून इमारत निधी दिसला की विचारायचं, कधीपासून साठतोय आणि नकाशा मंजूर झालाय का.

(1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. मी सवयीचे जुनेच वापरतोय.)

सिंहगडरोडकर
मला हा सगळा कीस नको वाटतो. मावशी स्वतः जाऊन आल्या, मुलं स्वच्छ, हसरी, धीट असतील तर तोच ताळेबंद. कागद चोख ठेवणाऱ्या आणि मुलांना घाबरवून ठेवणाऱ्या जागा मी बघितल्यात.

मृण्मयी_स
अर्धं पटलं. प्रेमाने चालणारी जागा आहे की नाही हे भेटीतच कळतं, कागद ते सांगत नाही. पण ती जागा पुढच्या जूनमध्ये चालू असेल का, हे भेटीत कळत नाही. 2020 मध्ये आमच्याकडे हेच झालं. मोठा देणगीदार एकच कंपनी होती. तिने त्या वर्षीचा सगळा निधी कोरोनाच्या कामाकडे वळवला. त्यांचीही बाजू होती, पण आमचे पगार थांबले. ज्या ताईंवर मुलं जीव टाकायची त्यांतल्या दोघी दुसरीकडे गेल्या. नवीन माणसाकडून भरवून घ्यायला काही मुलांना कित्येक आठवडे लागले. पैशाची तब्येत बिघडते तेव्हा आधी हे घडतं, शाळेला कुलूप नंतर लागतं.

म्हणून शुभदा, उत्पन्न किती ठिकाणांहून येतं ते नक्की बघ. एकाच दात्यावर निम्म्याहून जास्त भार असेल तर मला काळजी वाटेल.

जुना_बाजार
यावरून पैसा फंड आठवला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका धनिकाच्या मर्जीवर काही अवलंबून नव्हतं. आपल्या भागात संस्था उभ्या राहिल्या त्या अशा चिल्लर पैशांवर. आजही मला ज्या संस्थेच्या अहवालात पाचशे-हजार रुपये देणाऱ्यांची लांबलचक यादी दिसते, ती भक्कम वाटते.

गौरी_वाकड
सुंदर प्रतिसाद. पण यूपीआयच्या जमान्यातसुद्धा लहान देणगीदार गोळा करायला फोन, पावत्या, आभारपत्रं लागतात. म्हणजे पुन्हा आस्थापना खर्च!

पेठेतला_वाचक
आणि त्यातूनच त्या फोन करणाऱ्या एजन्सी निघाल्या. दुपारी फोन, आजारी मुलाची गोष्ट, लगेच पैसे भरा म्हणून घाई. हा खर्च 'जनजागृती' म्हणून कामातच दाखवतात, हेही मी वाचलंय.

जमाखर्च
दाखवतात. 'जनजागृती', 'प्रसार', 'कार्यक्रम' या ओळी मोठ्या असतील तर खातेवहीचा उतारा मागायचा. घाईने पैसे मागणाऱ्याला तर पावती क्रमांक आणि 80जी नोंदणी (जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते) विचारायची. ती आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते.

अनय_औंध
संस्थेने हिशेब दाखवलेच नाहीत तर?

हडपसरी
धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नकला मिळतात. माहिती अधिकारातही मागता येतं, अर्जाला 10 रुपये, पानाला 2 रुपये. न्यासाचा नोंदणी क्रमांक मात्र हवा, तो पावतीवर असतो: ई किंवा एफ, पुढे आकडा आणि पुणे.

वाटसरू77
धर्मादाय रुग्णालयांच्या राखीव खाटांचं पण कुणीतरी लिहा.

मृण्मयी_स
तो मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा. नक्की येईन.

शुभदा_कर्वेनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी आणि मी काल पुन्हा जाऊन आलो. त्यांच्या सचिवबाई दोन तास बसल्या, एकही प्रश्न टाळला नाही.

1 कोटी 10 लाखांपैकी 70 लाख इमारत निधी. मुलींच्या वसतिगृहासाठी, तीन वर्षांपासून. नकाशा मंजूर आहे, काम पावसाळ्यानंतर. कायम निधी 25 लाख. म्हणजे मोकळे 15 लाख. त्यातून द्यायची देणी 4 लाख. महिन्याचा खर्च 10 लाख. जमाखर्च यांच्या रीतीने भागाकार केला तर संस्थेकडे जेमतेम महिनाभराची सोय आहे! नवऱ्याला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ कागद बघत बसला.

पगार: 74 लाखांपैकी 63 लाख शिक्षक, थेरपिस्ट आणि काळजीवाहक. कार्यालयात तीनच माणसं. भावाचा मुद्दा संपला.

पण काळजीच्या दोन गोष्टी निघाल्या. उत्पन्नाचा जवळजवळ साठ टक्के भाग एका कंपनीकडून येतो आणि तिचा करार पुढच्या मार्चला संपतो. दुसरं, सरकारी अनुदानाचे 18 लाख वर्षाहून जास्त काळ येणे आहेत, ऑडिटरने तसं लिहिलंय. ते थकल्यावर एका विश्वस्तांनी 6 लाख बिनव्याजी दिले होते. त्यातले 2 लाख परत केले, 4 बाकी, तीच ती देणी. जमाखर्च, हे धोक्याचं आहे का?

जमाखर्च
बिनव्याजी असेल, सभेच्या इतिवृत्तात ठराव असेल आणि हिशेबात उघड दाखवलं असेल तर हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कलम 36अ. घेतली नसेल तर त्यांनी ऑडिटरशी बोलून ते मार्गी लावावं. अनेक चांगल्या संस्था इथे अडकतात, कारण पगाराच्या तारखेला परवानगीची वाट बघवत नाही.

18 लाखांचं मात्र खरं मानू नका. येईल तेव्हा येईल. ती रक्कम ज्या वर्षी उत्पन्नात धरली असेल त्या वर्षीचा वाढावाही (खर्च वजा जाता उरलेली रक्कम) कागदावरचाच आहे.

शुभदा_कर्वेनगर
बरोबर, ज्या वर्षी धरलीय त्या वर्षी वाढावा 7 लाख दाखवलाय. म्हणजे प्रत्यक्षात तूटच.

सिंहगडरोडकर
मग आता देणार की नाही? एवढं ऐकून मला तर जास्तच द्यावंसं वाटतंय.

वाटसरू77
मी सुरुवातीला वेगळं म्हणालो होतो, पण आता मलाही द्यावं असंच वाटतं. फक्त कायम निधीत द्या, म्हणजे मावशींचं नाव राहील आणि पैसे सुरक्षित.

मृण्मयी_स
इथे माझं मत ठामपणे वेगळं आहे. कायम निधीत दहा लाख म्हणजे वर्षाला साधारण 70 हजार व्याज. या संस्थेचे ते जेमतेम दोन दिवस. तिला आज हवाय तो मोकळा पैसा, कशालाही वापरता येईल असा. आपण सगळे नावाची पाटी लागेल अशा गोष्टीला देतो आणि पगाराला कोणीच देत नाही. दहा लाख मोकळे दिले तर त्यांची सोय एक महिन्यावरून दोन महिन्यांवर जाते. सचिवबाईंना कंपनीशी बोलताना थोडा ताठ कणा मिळेल.

जुना_बाजार
पण मोकळा पैसा वर्षात संपतो, व्याज पिढ्यान्‌पिढ्या येतं. आपल्या जुन्या संस्था कायम निधीवरच तगल्या.

मृण्मयी_स
मान्य, पण आधी पुढचं वर्ष तगायला हवं.

जमाखर्च
मधला मार्ग आहे. संस्थेने 'आकस्मिक निधी' असा वेगळा निधी ठरावाने उघडायचा. नियम एकच: पगार आणि जेवणासाठी अडचणीत वापरायचा, अनुदान आलं की पुन्हा भरायचा. मावशींच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा. पत्रात काहीच लिहिलं नाही तर ती साधी देणगी धरली जाईल, आणि 'कायम निधी' लिहिलंत तर मुद्दलाला हात लावता येणार नाही. एकरकमी देण्याऐवजी पाच लाख आता आणि पाच पुढच्या वर्षीचे हिशेब बघून, असंही करता येईल.

शुभदा_कर्वेनगर
मावशीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिला आकस्मिक निधीची कल्पना फार आवडली. हप्ते नको म्हणाली, "त्यांना गरज आत्ता आहे." सचिवबाई ठराव पुढच्या सभेत घेणार आहेत आणि मी वर्षातून एकदा हिशेब बघायला येणार, हे त्यांनी आनंदाने मान्य केलं. आता पत्राचा मसुदा करतेय. चेक चालेल ना? आणि करसवलतीचं काय?

जमाखर्च
चेक उत्तम. 2000 रुपयांवर रोख दिली तर सवलत नाही. मावशी जुन्या करपद्धतीत असतील तरच 80जी चा उपयोग, तोही रकमेच्या निम्म्यावर आणि उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. चेक 31 मार्चच्या आत वटू द्या. पावतीवर पॅन बरोबर आहे ना ते बघा, मे अखेरपर्यंत संस्थेकडून 10बीई (देणगीचं) प्रमाणपत्र मागून घ्या. पत्राचा मसुदा झाला की व्यक्तिगत निरोपातून पाठवा, वाचून देतो.

पेठेतला_वाचक
शुभदाताई, संस्थेची हरकत नसेल तर मलाही निरोपातून नाव कळवा. वडिलांच्या नावाने थोडं त्या आकस्मिक निधीला द्यावं म्हणतोय. आधी नियम 19 चा अहवाल वाचेन.